एकच नाव, तीन पिढ्या : वंशावळ कशी वाचावी?

बाबासाहेबांच्या आईचे नाव भीमाबाई, ते स्वतः भीमराव आणि त्यांच्या एका नातवाचे नावही भीमराव. पत्नी रमाई, तर नातीचे नाव रमा. आपल्याही घराघरांत आजी-आजोबांची नावे अशीच परत येतात.

मग वंशावळीत दोन भीमराव वेगळे कसे ओळखायचे? मधल्या नावावरून. आजोबा भीमराव रामजी, नातू भीमराव यशवंत. आडनावावर विसंबता येत नाही; रामजी सकपाळांच्या मुलाचे आडनाव पुढे आंबेडकर झाले. पण मालोजी, रामजी, भीमराव, यशवंत ही साखळी तुटत नाही.

मात्र या साखळीत भीमाबाई कुठेच नाहीत! फक्त बापाकडून वंशावळ लिहिली, तर 'भीम' हे नाव आधी आईचे होते, हेच कळणार नाही.

म्हणून घरचा शोध घेताना आपण शाळा सोडल्याचे जुने दाखले आणि कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी पाहूच. पण आजी, पणजी यांची माहेरची नावेही विचारून लिहून ठेवू. ती सांगणारी माणसे आज घरात आहेत, तोवरच हे काम होईल.