अ‍ॅस्बेस्टॉस, बंबवाले आणि नुकसानभरपाईचा कायदा

मुंबई बंदरात १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ ह्या जहाजास आग लागून जे भयंकर स्फोट झाले, त्यांत मुंबईच्या अग्निशामक दलाचे ६६ लोक कर्तव्य बजावीत असतानाच मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस दरवर्षी देशभर अग्निशमन दिन म्हणून पाळण्यात येतो. ज्वाळेने अथवा कोसळत्या भिंतीने घेतलेल्या बळींची मोजदाद अशी निःसंदिग्ध असते. मृत्यू केव्हा आला, कोठे आला आणि कशाने आला, ह्याविषयी कोणाच्याही मनात किंतु राहात नाही. आणि म्हणूनच अशा मृताच्या कुटुंबास भरपाई देताना कायद्यालाही फारसे अडखळावे लागत नाही.

परंतु, श्रोतेहो, बंबवाल्याच्या व्यवसायात दुसऱ्याही एका प्रकारचा मृत्यू आहे. तो आगीच्या जागी येत नाही. आग विझते, नळ्या गुंडाळल्या जातात, बंब ठाण्यावर परत जातो. बंबवाला यथाकाल नोकरी पुरी करून पेन्शन घेतो. आणि मग तीस-चाळीस वर्षांनी एके दिवशी त्याला जिना चढताना दम लागू लागतो. छातीत पाणी झाल्याचे निदान होते, आणि पुढे डॉक्टर एका असाध्य रोगाचे नाव उच्चारतात. हा मृत्यू कोणत्या आगीतला? त्याची भरपाई कोणी द्यावयाची? आणि ती मागण्यासाठी पुरावा कोणता आणावयाचा? ह्या प्रश्नांचा विचार आज आपल्याला करावयाचा आहे.

प्रथम रोगाचे मूळ पाहू. अ‍ॅस्बेस्टॉस हे खाणीतून निघणारे तंतुमय खनिज आहे. ग्रीक भाषेत ह्या शब्दाचा अर्थ ‘न विझणारा’ असा होतो. ते जळत नाही, उष्णता पुढे जाऊ देत नाही, आणि त्याचे सूत काढून कापडही विणता येते. ह्या गुणांमुळे विसाव्या शतकात त्याचा उपयोग अतोनात वाढला. वाफेच्या नळांवरील वेष्टणे, छताचे पत्रे, भिंतींचा गिलावा, पोलादी खांबांवरील लेप, इतकेच काय पण खुद्द बंबवाल्यांचे हातमोजे व आगीत शिरण्याचे पोशाख ह्यांतही ते वापरले गेले. ज्या वस्तूने आगीपासून रक्षण करावयाचे, तीच वस्तू रक्षणकर्त्याच्या छातीत शिरली, ही ह्या कथेतील दारुण विसंगती होय.

आगीच्या उष्णतेने अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे तडकतात व फुटतात, वेष्टणे सुटून पडतात, आणि त्यांतील केसाहूनही अनेकपटींनी बारीक असे तंतू हवेत तरंगू लागतात. सामान्य मनुष्यास वाटते की, ज्वाळा भडकलेल्या असताना धोका सर्वांत मोठा असावा. पण ह्या तंतूंच्या बाबतीत ज्वाळा शमल्यानंतरची वेळ तितकीच, किंबहुना अधिक, घातक ठरते. त्या वेळी बंबवाले छते पाडून, भिंती उकलून, दडलेले निखारे शोधीत असतात; धूर ओसरला म्हणून तोंडावरचा मुखवटा पुष्कळदा काढलेला असतो; आणि धूळ मात्र भरपूर उडत असते. तीच धूळ कपड्यांवर बसून ठाण्यात, आणि कधी कधी घरापर्यंतही, पोहोचते.

श्वासाबरोबर आत गेलेले काही तंतू शरीर बाहेर टाकू शकत नाही. त्यांच्यामुळे फुप्फुसे निबर होऊन आक्रसतात. ह्या विकारास अ‍ॅस्बेस्टॉसिस म्हणतात. फुप्फुसाचा कर्करोगही होतो. आणि धूम्रपान करणाऱ्यास त्याचा धोका कितीतरी वाढतो. तिसरा रोग मेसोथेलिओमा हा होय. तो फुप्फुसावरील वा पोटातील पातळ आवरणाचा कर्करोग असून, धूम्रपानाशी त्याचा संबंध नाही. तंतू शरीरात शिरल्यापासून हा रोग प्रकट होईपर्यंत बहुधा वीस ते पन्नास वर्षे लोटतात. हा दीर्घ कालावधी लक्षात ठेवावा. कारण कायद्याच्या साऱ्या अडचणी त्यातूनच उद्भवतात.

बंबवाल्यांना हा धोका खरोखरच आहे काय? अमेरिकेत शिकागो, फिलाडेल्फिया आणि सॅन फ्रान्सिस्को ह्या तीन शहरांतील सुमारे ३०,००० बंबवाल्यांची पाहणी करण्यात आली व तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत मेसोथेलिओमाचे प्रमाण सर्वसामान्य लोकांच्या सुमारे दुप्पट आढळले. पुढे २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने बंबवाल्याचा व्यवसाय हाच मनुष्यास कर्करोगकारक असल्याचा निर्णय दिला; आणि ज्या दोन कर्करोगांविषयी पुरेसा पुरावा असल्याचे सांगितले, त्यांपैकी एक मेसोथेलिओमा होता. शास्त्राचे म्हणणे असे स्पष्ट आहे.

परंतु शास्त्र समूहाविषयी बोलते, आणि न्यायालयापुढे उभा असतो तो एकटा मनुष्य. त्याला तीन प्रश्न विचारले जातात. तुझा दावा मुदतीत आहे काय? तुझ्या रोगास जबाबदार कोण? आणि त्याच्याचमुळे रोग झाला हे कशावरून?

पहिला प्रश्न मुदतीचा. बहुतेक कायद्यांत इजा झाल्यापासून काही ठरावीक वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. ही मुदत तंतू शरीरात शिरल्या दिवसापासून मोजली, तर रोग दिसण्यापूर्वीच हक्क मेलेला असावयाचा! ह्यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४९ सालीच मार्ग दाखविला होता. आगगाडीच्या एंजिनावर कोळसा घालणाऱ्या युरी नावाच्या एका कामगारास वर्षानुवर्षे वाळूची धूळ श्वासावाटे जाऊन सिलिकोसिस झाला. धुळीचे परिणाम साचत जाऊन प्रत्यक्ष प्रकट झाले, तेव्हापासूनच मुदत मोजावयाची, असे न्यायालयाने ठरविले. सावकाश पिकणाऱ्या रोगांच्या दाव्यांत हे तत्त्व आज ठिकठिकाणी मान्य झालेले आहे.

दुसरा प्रश्न जबाबदारीचा. कामगारभरपाईच्या कायद्याचे सूत्र असे की, मालकाची चूक असो वा नसो, कामामुळे इजा झाली तर त्याने भरपाई द्यावी. मात्र ती मर्यादित असावी आणि त्या बदल्यात कामगाराने मालकावर सामान्यतः वेगळा दावा लावू नये. ही वाट सोपी, पण अरुंद आहे. दुसरी वाट अ‍ॅस्बेस्टॉसचा माल तयार करून विकणाऱ्यांवर दावा लावण्याची. ही वाट टेक्सासमधील क्लॅरेन्स बोरेल ह्या कामगाराच्या खटल्याने मोकळी केली. त्याने १९३६ पासून तेहतीस वर्षे वेष्टणे बसविण्याचे काम केले होते. १९७० साली तो मेसोथेलिओमाने वारला, आणि १९७३ साली अपील न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. आपल्या मालापासून असणारा धोका ज्यांना ठाऊक होता अथवा ठाऊक असावयास हवा होता, त्यांनी तो वापरणाऱ्यास सांगितला नाही, म्हणून ते जबाबदार, असा त्या निकालाचा आशय होता. त्यानंतर दाव्यांचा पूर लोटला. जॉन्स-मॅनव्हिल ही बलाढ्य कंपनी १९८२ साली दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली, आणि १९८८ पासून तिच्या नावाचा विश्वस्तनिधी रोग्यांना पैसे देऊ लागला. असे पुष्कळ निधी पुढे स्थापन झाले व बंबवाल्यांनाही त्यांच्याकडे अर्ज करता येतो. मात्र दावेदार अनेक आणि पैसा मोजका, ह्यामुळे ठरलेल्या रकमेचा काही अंशच पुष्कळदा हाती पडतो.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे. तीस वर्षांत बंबवाला शेकडो आगींत शिरतो. कोणत्या इमारतीत कोणाचा पत्रा होता, हे तो कसे सांगणार? पुराव्याची वस्तू तर आगीनेच नाहीशी केलेली असते. कारखान्यातील कामगार निदान आपल्या यंत्राकडे बोट दाखवू शकतो. बंबवाल्याच्या हाती राखेशिवाय काहीच नसते. इंग्लंडात हाच पेच निराळ्या स्वरूपात आला होता. एका मनुष्याने अनेक मालकांकडे अ‍ॅस्बेस्टॉसचे काम केले असेल, तर रोगास कारण झालेला तंतू कोणाकडचा, हे शास्त्रही सांगू शकत नाही. म्हणून सर्वच सुटावेत काय? हाऊस ऑफ लॉर्ड्सने २००२ साली फेअरचाइल्ड खटल्यात ‘नाही’ असे उत्तर दिले. ज्याने आपले कर्तव्य मोडून मेसोथेलिओमाचा धोका भर पडेल इतका वाढविला, तो जबाबदार, असे तेथे ठरले.

बंबवाल्यांसाठी ह्याहून सरळ उपाय कॅलिफोर्निया राज्याने योजिला. १९८२ साली तेथे असा कायदा झाला की, नोकरीत कर्करोगकारक द्रव्याशी संबंध आलेल्या बंबवाल्यास कर्करोग झाला, तर तो नोकरीमुळेच झाला असे धरून चालावे. प्रारंभी त्या द्रव्याचा व रोगाचा संबंध दाखविणे बंबवाल्याकडेच होते; १९९९ साली तो बोजा मालकाच्या माथी आला. रोगाचे मूळ स्थान निश्चित करून, ह्या द्रव्याचा त्याच्याशी संबंध नाही, हे मालकाने सिद्ध करावे. ज्याच्याजवळ नोंदी, तज्ज्ञ आणि वकील आहेत, त्याने पुरावा आणावा, हे न्यायबुद्धीस धरूनच आहे.

तथापि ह्या कायद्यातही एक उणीव आहे. नोकरी सुटल्यावर हे गृहीत कायमचे टिकत नाही. नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे तीन महिने, आणि जास्तीत जास्त १२० महिने, एवढाच काळ ते टिकते. तीस वर्षे नोकरी करून पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेल्याचा हिशेब करा. तीस गुणिले तीन म्हणजे नव्वद महिने, अर्थात साडेसात वर्षे. साडेबासष्टाव्या वर्षी त्याचे हे कवच गळून पडते. आणि मेसोथेलिओमा तर सत्तरीतही येऊ शकतो. त्याचा दावा त्यामुळे सर्वस्वी बुडतो असे नाही, पण पुराव्याचा सारा डोंगर पुनः त्या जर्जर मनुष्याच्याच पाठीवर येतो.

रोगाच्या संथ गतीची खरी जाणीव अमेरिकेला न्यूयॉर्कच्या संहाराने करून दिली. ११ सप्टेंबर २००१ रोजी जागतिक व्यापार केंद्राचे मनोरे कोसळले, त्यांत तेथील अग्निशामक दलाचे ३४३ लोक मरण पावले. उत्तर मनोऱ्याच्या खालच्या मजल्यांवरील पोलादाला अ‍ॅस्बेस्टॉसचा लेप होता. सिमेंट, काच आणि इतर विषारी द्रव्यांच्या धुळीत तोही मिसळला, आणि बंबवाले महिनोगणती त्या ढिगाऱ्यावर राबले. पहिल्या भरपाईनिधीकडे अर्ज करण्याची मुदत २००३ सालीच संपली होती. जेम्स झाड्रोगा ह्या मृत पोलीस अधिकाऱ्याच्या नावाच्या कायद्याने तो निधी २०११ साली पुनः उघडला. कर्करोगांचा समावेश २०१२ साली झाला. आणि २०१९ साली अर्जांची मुदत २०९० सालापर्यंत वाढविण्यात आली. अमुकच द्रव्याने रोग झाला हे येथे सिद्ध करावे लागत नाही; त्या काळी त्या जागी असल्याचा आणि मान्य रोग झाल्याचा दाखला पुरतो. सप्टेंबर २०२३ मध्ये, त्या घटनेमुळे जडलेल्या रोगांनी मेलेल्या अग्निशामक दलाच्या लोकांची संख्या ३४३ वर, म्हणजे प्रत्यक्ष त्या दिवशी मेलेल्यांच्या संख्येइतकी झाली. भरपाईची दारे लवकर बंद करण्यात केवढा अन्याय आहे, हे दाखविण्यास दुसरे उदाहरण नको.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडे घरांवर, गोदामांवर व कारखान्यांवर अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे आजही सर्रास आहेत. १९२३ सालच्या कामगारभरपाईच्या कायद्याची परिशिष्टे पाहिली, तर एका परिशिष्टात अग्निशामक दलातील नोकराचा उल्लेख आहे, आणि दुसऱ्यात अ‍ॅस्बेस्टॉसजन्य रोगांची नावे आहेत. ह्या कायद्याचा विषय पुढे २०२० सालच्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेण्यात आला. म्हणजे कायद्याला बंबवाला ठाऊक आहे आणि रोगही ठाऊक आहे. परंतु ह्या बंबवाल्याच्या कामात त्या तंतूंशी संबंध आला होता, हा मधला दुवा त्यालाच जोडून दाखवावा लागतो.

हा दुवा नोंदींनी जोडता येतो. अहमदाबादच्या एका ग्राहकसंस्थेच्या अर्जावर २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. अ‍ॅस्बेस्टॉसने आजारी झालेल्या कामगारास १ लाख रुपये भरपाई ठरविली, आणि प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, ह्यांपैकी जो काळ नंतर संपेल तोपर्यंत, जपून ठेवण्याचा आदेश दिला. तो निकाल कारखान्यांतील कामगारांविषयी होता. परंतु त्यातील नोंदीचे तत्त्व बंबखान्यालाही तितकेच लागू पडण्याजोगे आहे.

त्यासाठी मोठा खर्च नको. आगीच्या अहवालात छत कशाचे होते, पत्रे फुटले काय, निखारे शोधण्यास कोण कोण आत गेले व त्यांनी मुखवटे घातले होते काय, एवढ्या चार ओळी लिहिल्या जाव्यात. निवृत्त होताना प्रत्येकास त्याच्या अशा कामांचा उतारा व छातीच्या तपासणीचे कागद मिळावेत. आणि म्हातारपणी दम लागून डॉक्टरकडे गेलेल्या बंबवाल्याने आपला पूर्वीचा व्यवसाय आवर्जून सांगावा. कारण निदानाच्या कागदावर तो व्यवसाय नसेल, तर पुढे विधवेच्या हाती दाव्यासाठी काहीच उरत नाही.

घराला आग लागली असता आपण बंबवाल्यास छत कशाचे आहे हे विचारीत बसू देत नाही. तो न विचारताच आत शिरतो, आणि त्याने तसे शिरावे अशीच आपली अपेक्षा असते. मग तीस वर्षांनी, तू कोणत्या छताखाली गेला होतास ते सिद्ध कर, असे त्याला विचारण्याचा अधिकार आपल्याला कितपत पोहोचतो, ह्याचा विचार कायदे करणाऱ्यांनी आणि आपण नागरिकांनीही अवश्य करावा.