मेडिकलच्या डबीतलं आणि ग्रीसच्या ताटातलं

ऑलिव्ह तेल म्हटलं की आपल्याला आठवते मेडिकलमधली छोटी डबी. बाळाच्या मालिशसाठी आणायची आणि उरलेली कपाटात टाकायची. परवा बचत गटाच्या बैठकीत एकीनं विचारलं, "ताई, टीव्हीवर सांगतात हे तेल हृदयाला चांगलं, मग भाजीत घालू का?" उत्तर द्यायचं म्हणून वाचायला बसले आणि थेट ग्रीसमध्ये पोचले!

तिथली कथा अशी. अथेन्स नगरीचं पालकत्व कुणाकडे, यावरून समुद्रदेव पोसायडन आणि देवी अथेना यांच्यात चुरस लागली. त्यानं खडकातून खाऱ्या पाण्याचा झरा काढला, तिनं ऑलिव्हचं झाड दिलं. जिंकली अथेना! नगरीला नाव तिचंच. तिच्या उत्सवातल्या खेळांत विजेत्यांना बक्षीस म्हणून रांजण भरभरून तेल मिळायचं. क्रीट बेटावर वूव्हेस गावी किमान २००० वर्षांचं झाड आहे. अजून फळतं म्हणे.

बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममाता किंवा धर्मपिता बाळाच्या अंगाला हेच तेल लावतात. देवापुढच्या दिव्यातही हेच. उपवासाला मांस, दूध, अंडी बंद आणि कडक उपवासाला तर तेलही वर्ज्य! एरवी भेंडी, फरसबी, वांगी टोमॅटो घालून भरपूर तेलात मंद शिजवतात. त्या भाज्यांना म्हणतातच 'लादेरा', म्हणजे तेलातल्या.

फळं उतरवायची ती ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून. झाडाखाली जाळी पसरायची, काठीनं फांद्या झोडपायच्या. घरातली लहानथोर सगळी राबतात. आता हातात धरायची यंत्रंही आलीत. 'कोरोनेकी' जातीचं फळ इवलंसं, पण तेल दमदार. साधारण पाच किलो फळांचं एक लिटर तेल. फळं लगेच गिरणीत न्यावी लागतात, राहिली तर तेलाला आंबूस वास येतो. २७ अंशांच्या वर तापू न देता काढलेलं, आम्लता ०.८ टक्क्यांच्या आत असलेलं तेल उत्तम समजायचं. यातली आम्लतेची अट एक्स्ट्रा व्हर्जिन तेलाची.

सेंद्रिय बागवाल्याची खरी झुंज फळमाशीशी. ती फळातच अंडी घालते. रासायनिक फवारणी करायची नाही, मग सापळे टांगा, पांढऱ्या मातीचं पाणी फवारा. तरी पीक हाती लागेलच असं नाही.

आणि इतक्या कष्टाच्या तेलाचा मोठा वाटा टँकरनं इटलीला जातो, दुसऱ्या तेलांत मिसळून बाटल्यांत भरला जातो. पिकवणाऱ्या गावाचं लेबलवर नावसुद्धा नाही! वाचून मला खरंच राग आला. म्हणूनच काही शेतकरी आणि सहकारी संस्था आता स्वतःच्या नावानं सेंद्रिय तेल विकतात. २०२३ साली उष्णतेनं पीक घटलं, भाव कडाडले, तेव्हा बागांतून फळंच चोरीला जाऊ लागली. शेतकऱ्यांवर रात्री पहारा द्यायची वेळ आली.

मैत्रिणीला सांगितलं, बाई, बाटलीवर 'पोमेस' लिहिलंय का ते आधी बघ. तेल काढून उरलेल्या चोथ्यातून रसायनाच्या मदतीनं काढून मग शुद्ध केलेलं ते. विष नव्हे, पण ग्रीक आजीच्या ताटातलंही नव्हे. आणि महिन्याच्या किराण्यात बसत नसेल तर आपलं शेंगदाण्याचं तेल बेतानं वापरलेलं काय वाईट?

ती म्हणाली, "आणि मालिशच्या डबीवर काय लिहिलंय?" घरी जाऊन माझ्याच कपाटातली डबी काढली. मुदत संपून तीन वर्षं झाली होती.