यंत्राची दुसरी शेपटी

मोरी तुंबली की आपण काय करतो? आधी गरम पाणी ओततो, मग रबरी पंप मारून पाहतो आणि शेवटी एखादी लांब तार आत घालून खुपसतो. या तारेलाच मोटर जोडली तर? अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहरात सॅम्युअल ब्लँक या गृहस्थांनी 1930 च्या दशकात नेमके हेच केले. तिथले सांडपाणी जमिनीखालच्या भाजक्या मातीच्या नळांतून जात असे आणि नळांच्या सांध्यांतून झाडांची मुळे आत शिरत. ब्लँक यांनी कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर घेतली, तिला लवचिक पोलादी केबल जोडली, केबलच्या टोकाला पाती बसवली. केबल फिरत फिरत नळात पुढे सरके आणि अंगण न खणता मुळे कापली जात. 'रोटो-रूटर' हे त्या यंत्राचे नाव पुढे अमेरिकेत घरोघरी पोचले.

आज अशा यंत्रांचे अनेक प्रकार मिळतात. त्यांतल्या बहुतेकांत पोलादी केबल एका पिंपासारख्या गोल डब्यात नीट वेटोळे घालून बसलेली असते. तिच्यासाठी डबा, दांडा, ब्रेक, काय काय केलेले असते. पण यंत्राला आणखी एक शेपटी आहे, ती म्हणजे विजेची वायर. सुमारे सहा मीटर लांबीची. तिच्यासाठी काय? सांगाड्यावर दोन आकडे, बस्स. काही स्वस्त यंत्रांवर तेही नसतात. मग वायर दांड्याभोवती करकचून आवळली जाते किंवा नुसतीच मागे फरफटत जाते. आम्हाला या लेखात बोलायचे आहे ते या दोन आकड्यांविषयी.

प्रथम हे यंत्र कुठे चालते ते डोळ्यांपुढे आणू. अमेरिकी घरांत नळ साफ करायचे तोंड पुष्कळदा तळघरात असते. नळ तुंबलेला, म्हणजे तळघरात घाण पाणी आलेले. कारागीर जाड हातमोजा घालून फिरती पोलादी केबल मुठीत धरून उभा असतो. केबलचे दुसरे टोक पाण्याने भरलेल्या नळात. पोलाद विजेचे वाहक, घाण पाणीही वाहक, आणि दोहोंच्या मध्ये माणूस! म्हणून या यंत्रांच्या पायाने दाबायच्या बटणात वीज ठेवतच नाहीत. पायाखाली असतो एक रबरी फुगा. तो दाबला की हवा बारीक नळीतून वर जाते आणि यंत्रावरचा स्विच चालू होतो. पायाखालची वीज अशी काढून टाकता आली, पण भिंतीपासून यंत्रापर्यंतची वायर काढून टाकता येत नाही. ओल्या जमिनीवरून जाणारी वीज उरते ती हीच.

ओल्या हातांनी विजेला स्पर्श झाला तर शरीराचा रोध साधारण 1000 ओहम धरतात. अमेरिकेतल्या 120 व्होल्टला प्रवाह किती होईल, हे विद्यार्थ्यांना ओहमच्या नियमाने काढू द्या: 120 मिलिअँपिअर. आपल्याकडच्या 230 व्होल्टला 230. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून एक वेगळाच प्रश्न सोडवला होता: हातात धरलेली वस्तू माणूस स्वतःहून कितपत प्रवाहापर्यंत सोडू शकतो? पुरुषांसाठी उत्तर आले सरासरी 16 मिलिअँपिअर, स्त्रियांसाठी सुमारे साडेदहा. त्यापुढे स्नायू आखडतात आणि मूठ उघडत नाही. मुठीत केबल धरून उभ्या असलेल्या कारागिराला हा आकडा फार जवळचा आहे.

याच डॅलझील यांनी 1961 मध्ये एक साधन शोधले. जाणारा आणि परतणारा प्रवाह समान आहे ना, हे ते सतत तपासते. फरक पाच मिलिअँपिअरच्या आसपास गेला, म्हणजे तेवढी वीज दुसऱ्याच वाटेने जमिनीत चालली, की क्षणार्धात पुरवठा तोडते. अमेरिकेत त्याला जी.एफ.सी.आय. म्हणतात. आपल्या घरांतले आर.सी.सी.बी. त्याच कुळातले, पण ते बहुधा 30 मिलिअँपिअरचे. नळसफाईच्या यंत्रात हे साधन एका छोट्या डबीत घालून वायरीवरच बसवतात. ही डबी वायरीच्या यंत्राकडच्या टोकाला का नसते, प्लगकडच्या टोकाला का असते? वर्गात विचारण्याजोगा प्रश्न आहे. डबी फक्त आपल्या पुढच्या भागाचे रक्षण करते. ती यंत्राजवळ बसवली तर मधली सहा मीटर वायर, जी ओल्यात पडून राहते, तीच उघडी राहील. आणि याच कारणाने, प्लग पोचत नाही म्हणून मागे साधी जोडवायर लावली तर त्या जोडवायरीचे रक्षण ही डबी करत नाही.

आता आकड्यांकडे येऊ. डबी जड असते. वायर लोंबती राहिली की तळघराचे जिने उतरता-चढताना पायरीपायरीवर आपटते ती डबीच, आणि घाण पाण्यात बुडतेही तीच. जिच्या भरवशावर सगळे चालले आहे तिला आपण दगडासारखी वागवतो! म्हणून काम सुरू करण्याआधी दर वेळी डबीवरचे टेस्ट बटण दाबून पाहायचे असते.

वायर आकड्यांवर गुंडाळली तरी सगळे संपले असे नाही. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीत एकेका वाहकात 0.25 मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या सुमारे 30 तारा असतात. एकच जाड तार का नाही? कोणतीही वस्तू वाकवली की बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. ताण किती, तर अर्धी जाडी भागिले वळणाची त्रिज्या. बारीक तारेला ताण कमी, म्हणून तारांचा जुडगा. पण वरच्या आवरणाला ही सवलत नाही, कारण ते एकसंध आहे. वायर आठ मिलिमीटर जाडीची धरा. आकडा पेन्सिलीसारखा बारीक असेल तर वायरीच्या मध्यरेषेची त्रिज्या जेमतेम साडेसात मिलिमीटर होते आणि आवरणाची बाहेरची बाजू पन्नास टक्क्यांहून अधिक ताणली जाते. आकडा पाच सेंटिमीटर रुंद व गोलाकार असेल तर हाच ताण 14 टक्क्यांच्या आसपास येतो. रोज त्याच जागी वाकणारे आवरण कधी ना कधी तडकते, आणि थंडीत प्लास्टिक कडक झाले की आणखी लवकर. सर्वांत वाईट जागा म्हणजे वायर यंत्रात शिरते ती. तिथे रबराची लवचिक टोपी असते, ती काही शोभेसाठी नाही. गुंडाळायला सुरुवात करताना तिथे एक सैल वेढा सोडावा.

वायरीत तीन वाहक असतात, हे येथे लक्षात घ्यायला हवे. आत कुठेतरी फेज किंवा न्यूट्रलच्या तारा तुटल्या तर यंत्र बंद पडते, मग आपण वायर बदलतो. पण अर्थिंगची तार तुटली तर? काहीच होत नाही. मोटर पूर्वीसारखीच फिरते. यंत्राचे धातूचे अंग जमिनीशी जोडलेले राहिलेले नाही, हे कोणालाच कळत नाही. प्लगची अर्थिंगची पिन कापून टाकणारे महाभाग वेगळेच. येथे तर नुसत्या करकचून गुंडाळण्याने तेच घडू शकते. वीजपुरवठ्यापासून पूर्ण सोडवलेल्या वायरीची अर्थिंगची तार मल्टिमीटरने तपासता येते. मीटर लावून वायर जागोजागी हलक्या हाताने वाकवत जायचे.

आणखी एक गोष्ट गुंडाळलेल्या वायरीची. मागे एका शिबिरात आम्ही 25 मीटर वायरीचे रीळ वापरले. गरज चार-पाच मीटरची, म्हणून उरलेली वायर रिळावरच ठेवली. तासाभराने रिळाला हात लावला तर चांगलेच गरम! आमच्यातल्याच एकाने लगेच खुलासा केला: वेटोळे झाले, चुंबकीय क्षेत्र तयार झाले, म्हणून तापले. ऐकायला पटते, पण ते खरे नाही. वायरीत प्रवाह एका वाहकातून जातो आणि शेजारच्याच वाहकातून तेवढाच परत येतो. दोघांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना जवळजवळ पूर्ण नाहीशी करतात. (डॅलझील यांचे साधन याच गोष्टीवर चालते.) मग उष्णता कुठली? हिशेब करू. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याचा रोध मीटरला सुमारे 0.0133 ओहम, जाणारा आणि येणारा मिळून 0.0266. प्रवाह 10 अँपिअर असेल तर मीटरमागे 2.66 वॅट. वायर जमिनीवर पसरली असेल तर एवढी उष्णता हवेत सहज निघून जाते. रिळावर मात्र 25 मीटरची मिळून 66 वॅट उष्णता एका जागी तयार होते आणि आतल्या थरांना हवाच मिळत नाही. साठ वॅटचा जुना दिवा गोधडीत गुंडाळून ठेवल्यासारखेच हे. साधे पी.व्ही.सी. आवरण साधारण 70 अंश सेल्सिअसपर्यंतच वापरायचे असते. म्हणूनच चांगल्या रिळावर दोन आकडे छापलेले असतात: पूर्ण सोडलेली असताना किती वॅट आणि गुंडाळलेली असताना किती. यंत्राची स्वतःची सहा मीटर वायर इतकी तापत नाही. पण मुळांत पाती अडकून मोटर थबकली की प्रवाह कित्येक पट वाढतो, म्हणून तीही आकड्यांवरून पूर्ण सोडूनच काम सुरू करावे.

शेवटी पीळ. पोलादी केबलसाठी फिरता डबा का आणि वायरीसाठी स्थिर आकडे का चालतात, याचा उलगडा एका कागदी पट्टीने होतो. वीजपुरवठ्यावरचा कोणताही प्रयोग वर्गात करू नये. हा मात्र खुशाल करा. एक सेंटिमीटर रुंद, अर्धा मीटर लांब पट्टी पेन्सिलीभोवती पाच वेळा गुंडाळा. पेन्सिल हळूच बाहेर काढा आणि दोन्ही टोके फिरू न देता पट्टी ताणा. पट्टीला पडलेले पीळ मोजा: बरोबर पाच! आता तीच पट्टी गुंडाळून, पेन्सिल न काढता, उलट फिरवत वेढा वेढा सोडवा. पीळ शून्य. घाईत सगळे वेढे आकड्यांवरून एकदम खेचून काढणाऱ्याच्या वायरीला गाठी का पडतात, हे मुलांना आता विचारा. मग दोन पेन्सिली उभ्या धरून पट्टी इंग्रजी आठच्या आकारात गुंडाळायला लावा आणि पेन्सिली एकदम काढल्यावर किती पीळ पडतील, त्याचा अंदाज आधी फळ्यावर लिहून घ्या.