हवाई छत्री-उडी केंद्र

हवाई छत्री-उडी केंद्र : विमानातून बाहेर झेप घेऊन काही काळ मुक्तपतन करावयाचे व ठराविक उंचीवर हवाई छत्री उघडून जमिनीवर उतरावयाचे, या क्रीडेचे शिक्षण, सराव व स्पर्धा ज्या ठिकाणी चालतात ते ठिकाण. ही क्रीडा ‘स्कायडायव्हिंग’ या इंग्रजी नावानेही ओळखली जाते. केंद्रास लागणारी बाह्य सामग्री फारशी नसते : लहान विमानांस पुरेशी धावपट्टी, तारा व झाडे यांपासून मोकळे असे उतरण्याचे मैदान, वाऱ्याची दिशा दाखविणारा कापडी शंकू, छत्र्यांच्या घड्या घालण्यासाठी लांबरुंद छपरी आणि प्रत्येक उड्डाणात कोण जाणार याची नोंद करणारे टेबल. परंतु केंद्राचे खरे कार्य या सामग्रीने होत नाही. उडी मारणाऱ्यांचा जो स्थायी समुदाय तेथे नांदतो, त्याने जपलेली शिस्त व अपघातांची स्मृती यांवर ही क्रीडा सुरक्षित राहणे मुख्यत्वे अवलंबून असते.

उगम : आंद्रे झाक गार्नेरँ याने २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिस येथे बलूनमधून छत्रीच्या साहाय्याने यशस्वी अवतरण केले. त्यानंतर सु. सव्वाशे वर्षे ही गोष्ट जत्रेतील साहसाच्या पातळीवरच राहिली. विमानापासून सुटून मोकळे पडत असता स्वतःच्या हाताने दोरी ओढून छत्री उघडता येते, हे लेस्ली अर्विन याने २८ एप्रिल १९१९ रोजी अमेरिकेत दाखवून दिले. तोपर्यंत अशा पतनात माणसाची शुद्ध हरपते, असा समज प्रचलित होता. १९३० नंतरच्या दशकात सोव्हिएट रशियामध्ये उद्यानांतून छत्री-उडीचे मनोरे उभारण्यात आले व हजारो तरुणांना त्यांवरून उडीचा परिचय झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी छत्र्या स्वस्तात उपलब्ध झाल्या आणि यूरोप व अमेरिका येथे हौशी मंडळे निघाली. पहिल्या जागतिक स्पर्धा १९५१ मध्ये यूगोस्लाव्हियात झाल्या. जन्माने फ्रेंच असलेले झाक ईस्तेल आणि त्यांचे सहकारी ल्यूइस सॅनबॉर्न यांनी १९५९ मध्ये मॅसॅचूसेट्स राज्यातील ऑरेंज या गावी अमेरिकेतील पहिले व्यापारी तत्त्वावरील केंद्र काढले. सर्वसामान्य माणसास काही तासांच्या शिक्षणाने पहिली उडी मारता येईल, हे तेथे प्रत्यक्षात आणून दाखविण्यात आले. १९६२ च्या जागतिक स्पर्धाही याच गावी भरल्या.

उडीचे स्वरूप व साधने : अनुभवी खेळाडू सामान्यतः ३,००० ते ४,००० मी. उंचीवरून उडी घेतो. पोट जमिनीकडे करून हातपाय पसरले असता हवेचा रोध व वजन यांचा समतोल होऊन पतनाचा वेग ताशी सु. १९० किमी. वर स्थिरावतो. ४,००० मी. वरून घेतलेल्या उडीत असे मुक्तपतन सु. एक मिनिट चालते. अनुभवाप्रमाणे छत्री उघडण्याची किमान उंची ठरविलेली असते. अमेरिकन संघटनेच्या नियमांनुसार वरच्या दर्जाच्या परवानाधारकासही ती सु. ७६० मी. असते. या उंचीवर छत्री न उघडल्यास जमिनीपर्यंतचा अवधी १५ सेकंदांहूनही कमी उरतो. बिघाड ओळखणे, मुख्य छत्री टाकून देणे व राखीव छत्री उघडणे या तीनही क्रिया तेवढ्यात व्हाव्या लागतात. त्या विचाराने न होता सवयीने व्हाव्यात म्हणून विद्यार्थ्याला छताला टांगलेल्या पट्ट्यांत लटकावून त्यांची वारंवार उजळणी करून घेतात.

१९६० नंतरच्या दोन-तीन दशकांत साधनांमध्ये आमूलाग्र सुधारणा झाल्या. डॉमिना जॅल्बर्ट यांनी शोधलेल्या रचनेत दोन कापडी पृष्ठांमधील कप्प्यांत समोरून हवा शिरते आणि छत्रीस विमानाच्या पंखासारखा आकार येतो. जुनी गोल छत्री वाऱ्याबरोबर वाहत जाई. नवी चौकोनी छत्री मात्र पुढे सरकते, वळते व जमिनीजवळ वेग कमी करून हळुवार उतरविता येते. बिल बूथ यांनी १९७० नंतरच्या दशकात लहानमोठ्या तीन कड्यांची जोडणी प्रचारात आणली. तरफेच्या तत्त्वामुळे संपूर्ण शरीराचा भार पेलणारी ही जोडणी हाताच्या एका हिसक्याने सुटते. त्यामुळे बिघडलेली मुख्य छत्री टाकून देणे सोपे झाले. १९९१ मध्ये जर्मनीत तयार झालेल्या इलेक्ट्रॉनिक स्वयंचलित साधनाने आणखी एक दुवा जोडला. जमिनीपासून सु. २२५ मी. उंचीवरही माणूस सेकंदास ३५ मी. हून अधिक वेगाने पडत असल्यास हे साधन राखीव छत्रीचा बंध स्वतःच कापते. बेशुद्ध झालेले किंवा उंचीचे भान हरपलेले अनेक खेळाडू त्यामुळे वाचले आहेत. मुख्य छत्रीची घडी खेळाडू स्वतः घालू शकतो. राखीव छत्रीची घडी मात्र परवानाप्राप्त तंत्रज्ञानेच घालावी लागते. अमेरिकेत दर १८० दिवसांनी ती उघडून, तपासून पुन्हा बांधावी असा नियम आहे.

नवशिक्याला आरंभी विमानास जोडलेल्या दोरीने छत्री आपोआप उघडणारी उडी देत. १९८० नंतर दोन शिक्षकांनी दोन्ही बाजूंनी विद्यार्थ्यास धरून मुक्तपतन करण्याची त्वरित शिक्षणपद्धती आणि शिक्षकाच्या छातीशी विद्यार्थी बांधलेली जोडउडी या दोन पद्धती रूढ झाल्या. जोडउडीमुळे केंद्रांचे उत्पन्न वाढले व मोठी विमाने परवडू लागली. तथापि एकदाच येऊन जाणाऱ्या पाहुण्यांची संख्या त्यामुळे फार झाली व केंद्राच्या समुदायात सामील होणारे त्या मानाने थोडे, हेही नमूद केले पाहिजे.

अपघातांचे बदललेले स्वरूप : अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात या क्रीडेत दरवर्षी सरासरी चाळीसहून अधिक मृत्यू होत. २०२३ मध्ये सु. ३६·५ लक्ष उड्यांमागे १० मृत्यू नोंदले गेले. ही घट लक्षणीय आहे, परंतु ती जशी साधनांमुळे झाली तशीच त्या साधनांनी नवा धोकाही आणला. पूर्वी बहुतेक माणसे छत्री न उघडल्याने अथवा उशिरा उघडल्याने मरत. आता मृत्यूंचा मोठा भाग पूर्णपणे उघडलेल्या, कोणताही दोष नसलेल्या छत्रीखाली घडतो. वजनाच्या मानाने लहान घेतलेली वेगवान छत्री जमिनीजवळ एकदम वळविली असता ती बुडी मारते व तिचा वेग ताशी १०० किमी. हून अधिक होऊ शकतो. काही खेळाडू हे हेतुतः करतात. काही जण अडथळा किंवा दुसरा खेळाडू चुकविण्यासाठी घाबरून वळतात. साधने जितकी सुरक्षित तितके धाडस अधिक आणि म्हणून मृत्यूंचे प्रमाण जैसे थे, असे निरीक्षण बूथ यांनीच नोंदविले आहे. स्वतःच्या शोधाविषयी शोधकाने इतके निर्ममपणे बोलणे विरळा. स्वयंचलित साधन पाठीवर असले तरी या धोक्यात त्याचा काही उपयोग नसतो. तेथे केंद्रातील वडीलधाऱ्याने ‘ही छत्री तुझ्यासाठी अजून लवकर आहे’ असे वेळीच सांगणे हाच उपाय ठरतो. उतरताना सर्वांनी एकाच दिशेने व ठरलेल्या तीन टप्प्यांनी यावे आणि खालच्या उंचीवरील खेळाडूस अग्रहक्क द्यावा, हे नियम छत्र्यांची हवेतील टक्कर टाळण्यासाठी आहेत.

मोडलेल्या नियमाची किंमत किती असते, हे २७ ऑगस्ट १९६७ रोजी ओहायओ राज्यात दिसून आले. एका जुन्या लष्करी बाँबफेकी विमानातून १८ जणांनी ढगांच्या थराच्या वरून उडी घेतली. खाली आपले मैदान आहे अशी त्यांची समजूत होती. हवाई वाहतूक नियंत्रकाने रडारवर दुसरेच विमान त्यांचे म्हणून ओळखले होते. प्रत्यक्षात ते ईअरी सरोवरावर होते आणि १८ पैकी १६ जण बुडाले. जमीन दिसत नसेल तर उडी घ्यावयाची नाही, हा नियम तेव्हाही अस्तित्वात होता. आजही ढगातील फटीकडे बोट दाखवून ‘जाऊ या’ म्हणणाऱ्यास जुनी माणसे या घटनेची आठवण देतात.

काही वेळा धोका उडीपूर्वीच, विमानातच असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २००८ मध्ये काढलेल्या अहवालानुसार १९८० पासून अशा उड्डाणांच्या ३२ अपघातांत १७२ जण मृत्युमुखी पडले. अपुरी देखभाल, वैमानिकाच्या चुका व देखरेखीतील ढिलाई ही कारणे त्यात पुन्हा पुन्हा आढळतात. कॅलिफोर्नियातील पेरिस व्हॅली (फ्रान्सच्या राजधानीशी या गावाचा संबंध नाही) हे लॉस अँजेल्सच्या आग्नेयेस असलेले प्रख्यात केंद्र. तेथे २२ एप्रिल १९९२ रोजी २२ जणांना घेऊन निघालेले विमान उड्डाण करताच कोसळले व १६ जण ठार झाले. दूषित इंधनामुळे एक एंजिन बंद पडले आणि त्या गडबडीत दुसऱ्या, चालू एंजिनाचा पंखा निष्क्रिय करण्यात आला, असे चौकशीत निष्पन्न झाले. विमान पुरेशा उंचीवर पोहोचेपर्यंत आसनपट्टे बांधून ठेवण्याविषयी खेळाडूंमध्ये जी बेफिकिरी होती, ती या अपघाताने बरीच कमी केली. सतरा वर्षांनी, सप्टेंबर २००९ मध्ये, याच केंद्रावर ३१ देशांतील १८१ स्त्रियांनी स्तनकर्करोगाच्या संशोधनास निधी मिळविण्यासाठी एकत्र येऊन हवेत हातांत हात गुंफलेली विक्रमी रचना केली.

वार्ता आणि सुरक्षा-दिन : प्रत्येक केंद्रावर अमेरिकन संघटनेने नेमलेला एक स्थानिक सुरक्षा-सल्लागार असतो. तो अनुभवी खेळाडूंपैकीच असून हे काम विनावेतन करतो. अपघात झाल्यास त्याचा वृत्तांत संघटनेकडे पाठविणे हे त्याचे कर्तव्य असते. संघटनेच्या मासिकात हे वृत्तांत व्यक्तींची नावे वगळून छापले जातात : खेळाडूने किती उड्या मारल्या होत्या, छत्री कोणत्या आकाराची होती, वारा कसा होता, काय घडले आणि काय घडावयास हवे होते. वाचणारा त्यात दोषी शोधत नाही, स्वतःस शोधतो. मृताच्या आप्तांना हे रूक्ष लेखन कठोर वाटणे साहजिक आहे. तथापि लपविलेला अपघात दुसऱ्या केंद्रावर पुन्हा घडतो, असा या समुदायाचा अनुभव आहे.

उत्तर गोलार्धात हिवाळ्यात अनेक केंद्रे बंद असतात आणि वसंतात परतणाऱ्या खेळाडूच्या हाताची सवय मोडलेली असते. म्हणून १९९७ पासून मार्चमध्ये सुरक्षा-दिन पाळण्यात येतो. त्या दिवशी आदल्या वर्षीच्या अपघातांची चर्चा होते, टांगत्या पट्ट्यांत बिघाडाची उजळणी होते, छत्र्या व स्वयंचलित साधनांच्या तारखा तपासल्या जातात आणि मैदानाभोवतीच्या नव्या तारा, कुंपणे, इमारती नकाशावर दाखविल्या जातात. वाळवंटी प्रदेशातील केंद्रे दुपारच्या वावटळींची वेगळी सूचना देतात, कारण जमिनीपासून थोड्या उंचीवर असलेली छत्री वावटळीत सापडल्यास मिटू शकते. दुपारनंतर बहुधा सर्वांचे एकत्र भोजन होते.

अशा प्रसंगांखेरीज केंद्राचे सामाजिक जीवन बरेच रंगतदार असते. दूरदूरच्या खेळाडूंचे काही दिवसांचे मेळावे भरतात. पहिली मुक्त उडी, पहिली रात्रीची उडी असे काही प्रथमच केले की त्या व्यक्तीने सर्वांना बीअर पाजावी आणि शंभरावी उडी पार पडली की तिच्या तोंडाला मलईचा थर फासावा, अशा प्रथा आहेत. बीअरची पेटी मात्र शेवटचे विमान उतरल्याखेरीज उघडत नाहीत. दिवंगत सोबत्याची रक्षा बरोबर घेऊन उडी मारण्याचीही चाल आहे. ढगाळ दिवशी विमाने उडत नाहीत. तेव्हा छपरीत बसून नवशिके घड्या घालण्यास शिकतात व जुन्यांच्या चुका ऐकतात. शिक्षणाचा हा भाग कोणत्याही पाठ्यक्रमात नसला, तरी त्याचे मोल थोडे नाही.

भारत : लेफ्टनंट ए. जी. रंगराज या लष्करी डॉक्टरांनी १९४१ मध्ये छत्री-उडी मारली. ते अशी उडी मारणारे पहिले भारतीय अधिकारी होत. पुढे आग्रा हे लष्करी प्रशिक्षणाचे मुख्य केंद्र बनले. भारतीय हवाई दलाचे ‘आकाशगंगा’ हे प्रात्यक्षिक पथक १९८७ मध्ये स्थापन झाले. नागरी खेळाडूंमध्ये रेचल टॉमस यांनी १९७९ मध्ये या क्रीडेत पदार्पण केले व २००२ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी घेतली. पुण्याच्या शीतल महाजन यांची १८ एप्रिल २००४ रोजीची उत्तर ध्रुवावरील उडी ही त्यांच्या आयुष्यातील पहिलीच उडी होती. तेव्हा तेथील तपमान शून्याखाली ३७° से. होते. विक्रम म्हणून ती असामान्य असली, तरी शिक्षणक्रमास नमुना म्हणून अर्थातच घ्यावयाची नाही. २००६ मध्ये त्यांनी अंटार्क्टिकावर, तर २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी लुगडे नेसून उडी घेतली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री प्राप्त झाली.

केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण जाहीर केले. त्यात छत्री-उडीचा समावेश असून सुरक्षेचे नियम ठरविण्याचे काम क्रीडासंघटनांकडे सोपविले आहे. हरियाणातील नारनौलजवळच्या धावपट्टीसारखे मोजके अपवाद वगळता देशात नागरी उड्या बहुधा शिबिरांच्या रूपाने होत आल्या आहेत. दख्खनवर जून ते सप्टेंबर ढगांचे आच्छादन असते, त्यामुळे येथे मुख्य हंगाम हिवाळ्याचा. धावपट्टी काही आठवड्यांसाठी भाड्याने घ्यावयाची, विमान व शिक्षक बाहेरून आणावयाचे आणि मुदत संपताच सर्वांनी पांगावयाचे, अशी शिबिराची रीत. त्यातून पहिली उडी मिळते, परंतु पंचविसावी मिळणे दुरापास्त होते. अमेरिकन पद्धतीत प्राथमिक परवान्यास किमान २५ उड्या लागतात. त्यामुळे परवाना मिळवू इच्छिणारे बरेच भारतीय खेळाडू अमेरिका, स्पेन, थायलंड इ. देशांतील केंद्रांवर जातात आणि आपल्या उड्यांची नोंदवही तेथील शिक्षकांच्या सह्यांनी भरून आणतात.