पंचवीस वर्षांचं पीक

वाशीमहून पैनगंगा ओलांडली की हिंगोली जिल्हा लागतो आणि थोड्याच वेळात कनेरगाव नाका येतो. इथला हिशेब एरवी सोयाबीन, तूर अन् हळदीत होतो. आता त्यात सौर पॅनेलसाठी जमीन भाड्याने देणेही आले आहे.

एक मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर लागतात. मात्र जमीन सपाट आहे की खडकाळ, याआधी विचारायचे ते महावितरणचे उपकेंद्र किती लांब आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 (2023) मध्ये खासगी जमीन उपकेंद्रापासून 5 किलोमीटरच्या आत हवी. सरकारी जमिनीला 10 किलोमीटरपर्यंत सवलत.

भाडे हेक्टरी वर्षाला किमान 1 लाख 25 हजार, दरवर्षी 3 टक्के वाढ. म्हणजे एकरी पन्नास हजारांच्या आसपास, पाऊस पडो न पडो. हलक्या रानाला हे सोन्याहून पिवळे. ओलिताच्या हळदीच्या रानाला मात्र घाट्याचा सौदा ठरू शकतो. ते रान देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत.

या 2.0 योजनेतला पहिला प्रकल्प, 3 मेगावॉटचा, सप्टेंबर 2024 मध्ये वैजापूर तालुक्यातील धोंदलगावला सुरू झाला. मूळ योजना 2017 ची. हेतू एकच: शेतीपंपाला दिवसा वीज, म्हणजे रात्री विंचूकाट्यातून पाणी द्यायला जाणे नको.

करारावर सही करण्याआधी एवढे विचारून घ्या: मुदत संपल्यावर खांब आणि काँक्रीट कोण उपटणार? उत्तर तोंडी नको, कागदावर हवे.