नाक संपावर गेलं तर?

एक प्रयोग करून बघा. नाक चिमटीत घट्ट धरा आणि थोडी बडीशेप चावा. किंचित गोड लागेल, बास. आता नाक सोडा. बडीशेप एकदम ‘कळते’! जिभेला समजतं ते गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. बाकी आपण ज्याला चव म्हणतो, ते बरंचसं घशामागून नाकात पोचणाऱ्या वासाचं काम.

आता कल्पना करा, ते नाक सुटलंच नाही तर? कोविडमध्ये अनेकांनी हे अनुभवलं. पण साधी सर्दी, सायनसचा त्रास, डोक्याला बसलेला मार यामुळेही वास जाऊ शकतो. डॉक्टर याला ‘अ‍ॅनोस्मिया’ म्हणतात.

मग मिसळ नुसती तिखट लागते, चहा म्हणजे गोड गरम पाणी. आपल्या अंगाला घामाचा वास येतोय का, या धास्तीने चारचौघांत बसणंही नको वाटतं. बाहेरून काही दिसत नाही, त्यामुळे मित्र म्हणतात, ‘एवढं काय त्यात!’

त्यात बरंच काही आहे. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास जवळपास नसतोच. गळती कळावी म्हणून उग्र वासाचं मरकॅप्टन त्यात मुद्दाम मिसळतात. तेच तुम्हाला कळणार नसेल, तर रूमवर गॅस डिटेक्टर लावा, झोपताना रेग्युलेटर बंद करा. उरलेल्या भाजीच्या डब्यावर तारीख लिहा. आणि रूममेटला न लाजता सांगा, ‘मला वास येत नाही, तू जरा बघत जा.’ गॅसगळतीसाठी १९०६ हा हेल्पलाइन नंबर मोबाइलमध्ये सेव्ह असू द्या.

वास परत येतो का? अनेकदा येतो, पण वेळ लागतो. २००९ मध्ये जर्मनीतल्या थॉमस हुमेल आणि सहकाऱ्यांनी ‘वासाचा व्यायाम’ करून पाहिला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास रोज दोनदा, १२ आठवडे लक्ष देऊन हुंगायचे. काहींना त्याने फरक पडला. बरं होताना कधीकधी कॉफी किंवा कांदा-लसूण जळका, कुजका लागतो. घाबरू नका, पण जेवण सोडू नका.

सर्दी जाऊनही दोन-तीन आठवड्यांत वास आला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. डोक्याला मार लागल्यावर वास गेला असेल, तर लगेच जा.

आणि तुमच्या ग्रुपमध्ये असं कुणी असेल, तर चेष्टा नको. डबा उघडल्यावर आधी तुम्ही हुंगा आणि सांगा, ‘चांगलंय, खा.’