भिजलेला माल आणि विम्याचा तंटा

मराठी वाचकाला सुरत प्रथम आठवते ती १६६४ व १६७० या दोन सालांमुळे. परंतु ज्या संपत्तीने शिवाजी महाराजांचे लक्ष या शहराकडे वेधले, ती संपत्ती तापीच्या मुखाशी समुद्रमार्गे येत असे, आणि समुद्रमार्गे येणाऱ्या संपत्तीच्या पाठीस बुडण्याचे, भिजण्याचे व चाच्यांच्या हाती पडण्याचे भय सदैव लागलेले असे. मोठी जहाजे सुवाळीजवळ नांगर टाकीत. तेथून माल होड्यांतून व बैलगाड्यांतून शहरात येई. अशा प्रत्येक चढउतारीत नुकसानीचा संभव होता. ते नुकसान कोणी सोसावयाचे, या प्रश्नाचे उत्तर सुरतेच्या सराफांनी इंग्रजी धर्तीच्या विमा कंपन्या या देशात स्थापन होण्याच्या पुष्कळ आधी शोधून काढले होते. विमा हा शब्ददेखील फारसी ‘बीम’ म्हणजे भय यावरून आलेला आहे.

सराफांच्या त्या उत्तराचे नाव जोखमी हुंडी. माल पाठविणारा व्यापारी त्या मालाच्या भरवशावर हुंडी काढी, सराफ ती विकत घेऊन रोख रक्कम त्याच्या हाती ठेवी, आणि माल परबंदरी सुखरूप पोचला तरच माल घेणाऱ्याने ती रक्कम चुकती करावयाची, असा हा करार असे. जहाज बुडाले तर सराफाची रक्कमही बुडाली. साहजिकच हुंडीच्या दरात व्याजाबरोबर जोखमीचे मोलही धरलेले असे. सतराव्या शतकात सुरतेस अनेकदा आलेल्या ताव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने अशा व्यवहारांची नोंद करून ठेवली आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या उच्च न्यायालयानेही जादवजी गोपाळ विरुद्ध जेठा शामजी या खटल्यात या हुंडीचे हेच लक्षण मान्य केले. सराफाजवळ छापील अर्ज नव्हता, पण जोखीम कोणाची हे एका वाक्यात ठरलेले होते. आजच्या पॉलिसीविषयी तसे म्हणता येणार नाही.

आज सुरतेहून बाहेर जाते ते मुख्यतः कापड आणि हिरे. हिऱ्यांची वाट वेगळी. तंटे अधिक होतात ते कापडाचे. समजा, रिंग रोडवरील एका व्यापाऱ्याने ऐन श्रावणात कापडाचे तागे पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून, ती खोकी कंटेनरमध्ये रचून, न्हावा शेवा बंदरातून दुबईस पाठविली. तेथे दार उघडल्यावर वरच्या थरातील खोकी ओलसर आढळली आणि आतील कापडावर पिवळे डाग व बुरशी दिसली. व्यापारी म्हणतो, “माल भिजला, विमा आहे, पैसे द्या.” विमा कंपनी म्हणते, “माल भिजला हे खरे. परंतु पाणी आले कोठून?” सर्व तंट्याचे मूळ या एका प्रश्नात आहे.

पाणी तीन वाटांनी येते. जहाजावर समुद्राचे पाणी आत शिरते. धक्क्यावर वा रस्त्यात पाऊस पेटीच्या फटीतून गळतो. आणि तिसरी वाट अशी की, पाणी बाहेरून येतच नाही. पावसाळी हवेत भरलेले कापड, पुठ्ठा आणि पेटीतील ओले लाकूड यांत दमटपणा मुरलेला असतो. दिवसा उन्हाने पेटी तापली की तो बाष्परूपाने वर जातो, रात्री थंड झालेल्या पत्र्यावर त्याचे थेंब बनतात आणि ते पुन्हा मालावरच ठिबकतात. याला कंटेनरचा घाम असे म्हणतात. या तिन्ही पाण्यांनी पडलेला डाग डोळ्यांना जवळजवळ सारखाच दिसतो, पण पॉलिसीच्या दृष्टीने त्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

समुद्रमार्गाच्या मालासाठी अ, ब आणि क अशा तीन प्रकारच्या शर्ती जगभर प्रचलित आहेत. ‘अ’ शर्तींत वगळलेली कारणे सोडून सर्व जोखमी येतात. ‘ब’ शर्तींत समुद्राचे, नदीचे किंवा सरोवराचे पाणी पेटीत शिरणे ही जोखीम येते, पावसाचे पाणी येत नाही. ‘क’ शर्तींत यांतील काहीच नाही. हप्ता थोडा कमी पडतो म्हणून ‘ब’ किंवा ‘क’ पत्करणाऱ्या व्यापाऱ्यास हा भेद बहुधा पेटी उघडल्यानंतरच कळतो.

म्हणून सर्वेक्षक डागावर सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचा थेंब टाकतो. पाण्यात मीठ असेल तर पांढरा, दुधासारखा साका बनतो, आणि पाणी समुद्राचे असल्याचे अनुमान निघते. ही कसोटी सोपी असली तरी निर्णायक नाही. सुती कापड रंगविताना मिठाचा वापर होत असल्याने न भिजलेल्या कापडातही मिठाचा अंश राहू शकतो. त्याच खेपेतील एका कोरड्या ताग्यावर तोच थेंब टाकून पाहिल्यावाचून या चाचणीवरून कोणताही निष्कर्ष, मग तो कोणाच्याही लाभाचा असो, काढणे योग्य नव्हे. दुसरी परीक्षा तर बिनखर्चाची आहे. रिकाम्या पेटीत एका माणसाने उभे राहावे, बाहेरून दारे लावून घ्यावी आणि आत कोठून उजेडाची रेघ येते ते पाहावे. जेथून उजेड येतो तेथून पाणीही येते.

घामाच्या वादात भारतीय मालाचाच एक खटला इंग्लंडात गाजला. कलकत्त्याहून रॉटरडॅमला कंटेनरमधून गेलेले चामड्याचे हातमोजे डागाळलेले व बुरसलेले निघाले. खालच्या न्यायालयात व्यापारी जिंकला, परंतु १९९० साली अपील न्यायालयाने निकाल फिरविला. थेंब छतावरून पडले असले तरी ते पाणी मुळात हातमोज्यांनी कलकत्त्याच्या दमट हवेतून शोषलेले होते, म्हणजे दोष मालाच्या अंगचा होता, असे न्यायालयाने ठरविले. मालाचा अंगभूत दोष, नेहमीची झीज व गळती, उंदीर वा कीड यांमुळे होणारी हानी आणि केवळ विलंबामुळे होणारे नुकसान यांची भरपाई, पॉलिसीत तसे वेगळे लिहिलेले नसेल तर, विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असे भारताचा १९६३ चा सागरी विमा कायदाही सांगतो. अपुरी बांधणी हे कारण पॉलिसीच्या शर्तींतच वगळलेले असते. सुरतेसारख्या दमट हवेच्या शहरातून माल पाठविणाऱ्याने हा हातमोज्यांचा निकाल ध्यानी ठेवावा. पेटी भरण्यापूर्वी खोक्यांचा व लाकडाचा ओलावा मोजून त्याची नोंद ठेवली, तर पुढे ‘माल कोरडाच निघाला होता’ या म्हणण्यास पुरावा मिळतो.

याउलट, ‘सर्व जोखमी’ची पॉलिसी असताना व्यापाऱ्याने अपघाताचा क्षण आणि जागा दाखवून द्यावी, अशी अपेक्षा करता येत नाही. पाटागोनियाहून आलेल्या भिजलेल्या लोकरीच्या खटल्यात इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सने १९२१ सालीच हे तत्त्व घालून दिले. नुकसान आकस्मिक कारणाने झाले एवढे दाखविले की पुरे. ते वगळलेल्या कारणाने झाले हे सिद्ध करण्याचा भार विमा कंपनीवर येतो. दावा नाकारणाऱ्या पत्रात “कारण सिद्ध झाले नाही” एवढेच लिहिलेले असेल, तर त्या पत्राला पहिले उत्तर हेच आहे.

रस्त्याने जाणाऱ्या मालाची गोष्ट खानदेशातील दुकानदारांना जवळची वाटेल. लग्नसराईच्या साड्या सुरतेहून नवापूरमार्गे धुळ्यास येतात. ताडपत्री फाटून वळवाच्या पावसात गाठी भिजल्या, आणि पॉलिसी देशांतर्गत वाहतुकीच्या ‘ब’ शर्तींची असली, तर भरपाई मिळणे कठीण. त्या शर्तींत आग, वीज, पूल मोडणे, टक्कर, ट्रक उलटणे अशी मोजकी कारणे आहेत, पाऊस नाही. तेथे विमा कंपनीशी भांडण्यापेक्षा वाहतूकदाराकडे वळणे शहाणपणाचे. मात्र २००७ च्या रस्ता वाहतूक कायद्याप्रमाणे माल नोंदविल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत त्याला लेखी नोटीस द्यावी लागते, अन्यथा दावाच चालत नाही.

पोच घेण्याच्या वेळची एक चूक सर्वांत महाग पडते. हमाल घाईत असतात, चालकाला परतावयाचे असते, आणि बिल्टीवर ‘माल सुस्थितीत मिळाला’ अशी सही होऊन जाते. ओली गाठ, फाटलेले खोके, तुटलेले सील जे दिसेल ते सहीच्या शेजारीच लिहावयास हवे. समुद्रमार्गाच्या मालात नुकसान वरून दिसत नसेल तर ताबा घेतल्यापासून तीन दिवसांत जहाज कंपनीस लेखी कळवावयाचे असते. विमा प्रमाणपत्रावर ज्या सर्वेक्षण प्रतिनिधीचे नाव असेल त्याला दुबईच्या ग्राहकाने त्याच दिवशी बोलवावे. तोवर ओले तागे कोरड्यांपासून वेगळे काढून वाळवीत ठेवावे. नुकसान वाढू न देणे हे विमाधारकाचे कायदेशीर कर्तव्य आहे, आणि त्याचा वाजवी खर्चही मागता येतो. पण सर्वेक्षणापूर्वी माल धुऊन काढणे किंवा भंगारात विकणे म्हणजे आपला पुरावा आपल्याच हातांनी नष्ट करणे होय.

सर्वेक्षकाचा अहवाल हा पुष्कळांना न्यायनिवाडाच वाटतो. तसे नाही. १९३८ च्या विमा कायद्याने विशिष्ट रकमेवरील दाव्यांत परवानाधारक सर्वेक्षकाचा अहवाल आवश्यक ठरविला आहे. तथापि हा अहवाल शेवटचा शब्द नव्हे, तो कंपनीलाही बांधून टाकीत नाही आणि ग्राहकालाही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली प्रदीप कुमार यांच्या खटल्यात स्पष्ट केले. अहवालाची प्रत मागून घ्यावी आणि परिच्छेदवार उत्तर द्यावे.

यात आकड्यांकडे विशेष पाहावे लागते. समजा, बीजक ४,००,००० रुपयांचे होते आणि रिवाजाप्रमाणे दहा टक्के वाढवून विमा ४,४०,००० रुपये या ठरविलेल्या किमतीचा उतरविला. चांगल्या स्थितीत त्या मालाला दुबईच्या बाजारात ५,००,००० रुपये आले असते, डागाळलेला माल ३,००,००० रुपयांस गेला. पुष्कळदा बीजकातून विक्रीची रक्कम वजा करून १,००,००० रुपये देऊ केले जातात. कायद्याची रीत निराळी आहे. मालाची किंमत बाजारात पाचांत दोन हिश्श्यांनी उतरली, म्हणून विम्याच्या रकमेचे पाचांत दोन हिस्से, म्हणजे १,७६,००० रुपये देय होतात.

कंपनीने कमी रक्कम देऊन ‘संपूर्ण व अंतिम’ अशा पावतीवर सही मागितली तर? ती सही फसवणुकीने, दिशाभूल करून किंवा दडपणाखाली घेतली असल्याचे दाखविता आले, तर उरलेल्या रकमेचा हक्क बुडत नाही, हे १९९९ साली अजमेर सिंग कॉटन मिल्सच्या निकालात सांगितलेले आहे. परंतु दडपण सिद्ध करणे सोपे नसते. सही करतानाच लेखी हरकत नोंदविणे बरे. तसेच नकारपत्रात न दिलेले कारण कंपनीला नंतर न्यायालयात पुढे करता येत नाही. वाहतुकीच्या विम्याच्याच एका दाव्यात, गलाडा पॉवरच्या प्रकरणी, २०१६ साली हे ठरले. म्हणून नकार तोंडी घेऊ नये, लेखीच मागावा.

व्यापाऱ्याला ग्राहक आयोगाकडे जाता येते काय, हा जुना वाद. विमा नफा मिळविण्यासाठी नसून हानी भरून काढण्यासाठी असतो, म्हणून व्यापारी पेढीही ग्राहक ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली हरसोलिया मोटर्सच्या दाव्यात मान्य केले. २००२ च्या दंगलीतील आगीने झालेल्या नुकसानीचा हा गुजरातेतीलच दावा होता. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रार आपल्या राहत्या वा धंद्याच्या ठिकाणी करता येते, मुदत दोन वर्षांची आहे, आणि आयोगाची पायरी दाव्याच्या रकमेवर नव्हे तर भरलेल्या हप्त्यावर ठरते. त्यामुळे सुरतेच्या व्यापाऱ्याचा लाखांचा दावाही बहुधा सुरतेच्या जिल्हा आयोगापुढेच उभा राहतो. साक्षीपुरावा फार गुंतागुंतीचा असेल, तर दिवाणी न्यायालयाचा मार्ग मोकळा आहे. तेथे मुदत तीन वर्षांची.

विमा कंपनीने पैसे दिले की वाहतूकदाराविरुद्धचे हक्क तिच्याकडे जातात. ते हक्क तोवर जिवंत ठेवण्याची जबाबदारी मात्र व्यापाऱ्याची. जहाज कंपनीवर दावा लावण्याची मुदत माल ताब्यात दिल्यापासून एक वर्ष असते, आणि विमा कंपनीशी चाललेल्या पत्रव्यवहाराने ती थांबत नाही. अकरा महिने उत्तराची वाट पाहण्यात गेले, वर्ष उलटले, आणि मग ‘तुम्ही आमचा हक्क बुडविलात’ म्हणून विमा कंपनीनेच हात वर केले, असे घडू शकते. जहाज कंपनीकडून मुदतवाढ लेखी मागून घेता येते व ती पुष्कळदा मिळतेही; मात्र ती मागावी लागते वर्ष सरण्यापूर्वी.